कानाला दडा बसला, पाटल्या मोडू का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 45. घरी चार यंत्रमाग आहेत, ते यजमान बघतात. त्या स्वतः ब्लाउज शिवतात. पत्र लिहिण्याच्या नऊ दिवस आधी सकाळी उठल्या, तर उजव्या कानाला दडा बसलेला आणि आत कुकरच्या शिट्टीसारखा आवाज सुरू. सर्दी असेल म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. चौथ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांनी सर्दीच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओग्राम झाला. उजव्या कानाची ऐकण्याची पातळी 75 डेसिबलवर गेलेली (हा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी), डावा कान चांगला. तज्ज्ञांनी स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या. पण बाईंना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारणीने सांगितलं, "स्टेरॉईडनं हाडं ठिसूळ होतात, साखर पाचशेवर जाते." त्यांनी गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यापाशी ठेवून दिलं. पुण्यातल्या भाच्याने तिकडे हायपरबेरिक ऑक्सिजनचं, म्हणजे बंद चेंबरमध्ये दाबाखाली ऑक्सिजन देण्याचं, केंद्र शोधलं आहे: रोज दीड तास, वीस बैठका, एका बैठकीला काही हजार रुपये. यजमान म्हणतात, "येईल की आपोआप." बाईंचा प्रश्न असा: "गोळ्यांपेक्षा ऑक्सिजन नैसर्गिक, म्हणून तोच घ्यावा असं वाटतं. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडू का? मोडल्या आणि कान आलाच नाही, तर घरात काय तोंड दाखवू?"

ताई,

तुमच्या पत्राखाली नंबर होता, म्हणून पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी फोन केला. सदर छापून येईपर्यंत थांबायची ही गोष्टच नव्हती. बोलता बोलता तुम्ही सवयीने फोन उजव्या कानाला नेलात आणि "हॅलो, हॅलो, आवाज गेला का?" म्हणू लागलात. त्या दोन-तीन सेकंदांत तुमच्यावर काय गुदरलं आहे ते मला ऑडिओग्रामपेक्षा जास्त कळलं. तेव्हा मी एवढंच सांगितलं: पाकीट देव्हाऱ्यातून काढा, आज संध्याकाळीच ते आणि साखरेचे रिपोर्ट घेऊन तज्ज्ञांकडे जा, पाटल्यांचं नंतर बघू. तसं का सांगितलं, ते आता सविस्तर लिहिते. असाच दडा घेऊन घरी बसलेले इतरही असतील, त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट त्यांच्यासाठीच. तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त उतरलं आणि दोष आतल्या कानात किंवा नसेत असला, तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. ही कानाची तातडीची वेळ असते. डोळ्यापुढे एकाएकी अंधार आला तर माणूस तासाभरात दवाखाना गाठतो. कान गेला तर आठ दिवस तेल, थेंब, वाफारा. थेंब पडद्याच्या बाहेर राहतात, बिघाड पडद्याच्या कितीतरी आत असतो. घरी एक साधी गोष्ट करून बघता येते: तोंड मिटून "हंऽऽ" करा. मळ किंवा सर्दीमुळे कान बंद असेल तर तो हुंकार बंद कानातच घुमतो. नसेचा दोष असेल तर चांगल्या कानाकडे सरकतो. आम्ही डॉक्टर ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) कपाळावर टेकवून हेच बघतो. हुंकार चांगल्या कानात आला तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जायचं. कुठल्याही कानात आला तरी दडा एका दिवसात सुटला नाही तर जायचंच. आणि सोबत तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातापायात बळ नसणं यातलं काही असेल, तर कानाच्या डॉक्टरकडे न जाता सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं; मेंदूचा रक्तपुरवठा तपासावा लागतो.

तुमचे सहा दिवस गेले, त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. मेडिकलवाल्याने थेंब दिले, पहिल्या डॉक्टरांनी सर्दी समजली. हे घरोघर होतं.

यजमानांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. अशा रुग्णांपैकी एक तृतीयांश ते निम्म्याहून थोड्या जास्त जणांचं ऐकणं काही अंशी किंवा पूर्ण, उपचारांशिवायही परत येतं, आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. पण हे जास्त करून थोडं उतरलेल्या कानांचं असतं. 75 डेसिबल ही तीव्र पातळी आहे. समोरच्या खोलीतल्या माणसाचं नेहमीचं बोलणं त्या कानाला पोचतच नाही. इतक्या खाली गेलेल्या कानासाठी हातावर हात ठेवून बसा असं मी कुणालाही सांगणार नाही. यजमानांना हे वाचून दाखवा.

आता तुमच्या पत्रातल्या मुख्य वाक्याकडे येते: "ऑक्सिजन नैसर्गिक, स्टेरॉईड वाईट." ताई, इथेच गाडी रुळावरून घसरते आहे.

चेंबरमधला ऑक्सिजन म्हणजे गच्चीवरची मोकळी हवा नव्हे. तिथे शंभर टक्के ऑक्सिजन वातावरणाच्या दोन ते अडीच पट दाबाखाली श्वासातून देतात. उजनीच्या पाण्यात पंधरा मीटर खाली गेल्यावर शरीरावर जेवढा दाब येईल, जवळपास तेवढा. मुळात ही चेंबरं खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी वापरात आली, वर येताना त्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात म्हणून. एरवी रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन तांबड्या पेशींवर बसून जातो. 100 मिलिलिटर रक्तामागे द्रवात विरघळलेला जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो. चेंबरमध्ये तोच पाच मिलिलिटरच्या आसपास जातो. आतल्या कानाचा शंख, अडीच वेढ्यांचा आणि वाटाण्याएवढा, एकाच बारीक रोहिणीवर जगतो. दुसरीकडून मदत यायची सोय नाही. त्याच्यातल्या आवाज टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार केसपेशींना ऑक्सिजन फार लागतो आणि एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. अर्धमेल्या पेशींपर्यंत विरघळलेला ऑक्सिजन पोचवावा आणि त्या तग धरतात का बघावं, एवढाच यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. पण दाबाखालचा ऑक्सिजन हेही औषधच आहे. त्याला मात्रा आहे, वेळ आहे आणि त्रासही आहेत.

स्टेरॉईडचं काम वेगळं: आतल्या कानाची सूज आणि दाह उतरवणं. दहापैकी नऊ जणांत नेमकं कारण सापडत नाही. विषाणू असेल, रक्तपुरवठा असेल, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटली असेल. कारण कळत नसताना दोन बाजूंनी हात देतात, तसं हे आहे. आणि ऑक्सिजनचा जो काही फायदा चाचण्यांत दिसला तो प्रामुख्याने नेहमीच्या औषधांच्या जोडीने दिसला आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: कान गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉईडसोबत ऑक्सिजन देता येईल, तेव्हा गुण आला नाही तर एक महिन्याच्या आत, पुन्हा स्टेरॉईडसोबतच. गोळ्या सोडून नुसता ऑक्सिजन घ्यायला तुम्ही पुण्याला निघाला होतात, म्हणून मला फोनवर थोडं कडक बोलावं लागलं.

साखरेची भीती मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेणाऱ्या डॉक्टरांचं मला पटत नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडची मात्रा साधारण वजनाच्या दर किलोमागे 1 मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त 60, दहा ते चौदा दिवस आणि मग हळूहळू उतरवत बंद, अशी असते. एवढ्याने साखर चढणारच. पण ती कधी चढते हे माहीत असलं की अर्धी भीती जाते. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली की साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी वर जाते. सकाळची उपाशीपोटीची साखर बघून "सगळं ठीक आहे" असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. म्हणून ग्लुकोमीटरवर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघा, आकडे वहीत लिहा. तुमची मेटफॉर्मिन चालू राहील की काही वाढवावं लागेल, की थोड्या दिवसांसाठी इन्सुलिन लागेल, ते मधुमेहाचे डॉक्टर त्या वहीवरून ठरवतील. इन्सुलिन म्हटलं की आयुष्यभराचं, असं समजू नका. आणि हाडं ठिसूळ होण्याचं म्हणाल तर ती भीती मुख्यतः महिनोन्महिने, वर्षानुवर्षं स्टेरॉईड घेणाऱ्यांची आहे. दोन-तीन आठवड्यांच्या कोर्सचा हिशेब वेगळा. फक्त गोळ्या मधेच आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि एक मार्ग असा आहे, जो तुम्हाला अजून कुणी समजावून सांगितलेला दिसत नाही. पडद्यातून बारीक सुईने स्टेरॉईड थेट मधल्या कानात सोडता येतं. पडदा आधी बधिर करतात. क्षणभर गरगरतं, कानात गरम-गार वाटतं, मग अर्धा तास तो कान वर करून पडून राहायचं आणि शक्यतो गिळायचं नाही, म्हणजे औषध घशात न उतरता आत झिरपतं. रक्तात ते फारच थोडं जातं, त्यामुळे साखरेवर ताण जवळजवळ येत नाही. 2011 मध्ये अमेरिकेत 250 रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना गोळ्या दिल्या, निम्म्यांना दोन आठवड्यांत अशी चार इंजेक्शनं. दोन महिन्यांनी दोन्ही गटांचं ऐकणं सरासरी 30 डेसिबलच्या आसपास सुधारलेलं होतं. इंजेक्शन गोळ्यांपेक्षा कमी पडलं नाही. तुमच्यासारख्या मधुमेही बाईसाठी याहून चांगली बातमी दुसरी नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "मला गोळ्यांऐवजी कानातून द्याल का?" यासाठी पुणे लागत नाही. सोलापुरात कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, आणि पैशाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातही, कान-नाक-घसा विभाग आहे.

आता पाटल्या.

ऑक्सिजनचा खरा फायदा किती, ते नीट मांडते. अचानक आलेला बहिरेपणा उच्चदाब वैद्यकाच्या अमेरिकेतल्या संस्थेने 2011 मध्ये आपल्या मान्य उपचारांच्या यादीत घेतला, तेव्हा हा काही भोंदू प्रकार नाही. 2012 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने सात चाचण्यांतल्या 392 रुग्णांचा आढावा घेतला. ऐकण्यात निदान पाव हिस्सा सुधारणा झाली का, असं पाहिलं तर ऑक्सिजन घेतलेल्या दर पाच जणांत एकाला जास्तीचा लाभ दिसला. पण निम्मी किंवा त्याहून जास्त सुधारणा झाली का, असं पाहिलं तेव्हा फरक ठामपणे सांगता आला नाही. चाचण्या लहान होत्या, काहींची आखणी कच्ची होती. नंतरच्या अभ्यासांत फायदा जास्त करून तीव्र बहिरेपणा असलेल्यांत आणि आधीच्या औषधांनी गुण न आलेल्यांत दिसला. तुम्ही त्यातल्या पहिल्या गटात बसता, हे मी लपवणार नाही. जुन्या, सहा महिने होऊन गेलेल्या बहिरेपणात मात्र काहीच फायदा दिसला नाही. कुणी वर्षभराच्या जुन्या कानासाठी वीस बैठकांचं पॅकेज विकत असेल तर उठून यावं.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. ज्यांच्याकडे पैसा सहज आहे आणि पुण्यात राहायची सोय आहे, त्यांनी दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉईडसोबतच ऑक्सिजन सुरू करावा. मी त्यांना अडवणार नाही. तुमच्याकडे राहायला भाचा आहे, पण पैसा म्हणजे आईच्या पाटल्या. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला असं सांगितलं असतं: इंजेक्शनं किंवा गोळ्या इथे लगेच सुरू कर. आठवड्याने पुन्हा ऑडिओग्राम काढ. कान वर येत असेल तर पाटल्या कपाटातच राहू देत. हलला नसेल, तर कान गेल्यापासून महिना पुरा व्हायच्या आत पुण्याला जा, स्टेरॉईडची इंजेक्शनं चालू ठेवून ऑक्सिजन घे. थांबून ऑक्सिजन घेण्यात पहिल्या दोन आठवड्यांतली संधी थोडी हुकते, हे मान्य. पण वाट बंद होत नाही. आणि गेलातच, तर वीस बैठकांचे पैसे एकदम भरू नका. साधारण दहा ते वीस बैठका देतात. आधी दहा घ्या, मग ऑडिओग्राम, आणि पुढचं त्यावरून. हे केंद्रालाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

"कान आलाच नाही तर काय तोंड दाखवू," हे वाक्य मला फार लागलं. मागाचा धोटा बिघडला की नवा आणता, सूत तुटलं की गाठ मारता, आणि स्वतःच्या कानावर खर्च करायचा तर घरात तोंड दाखवण्याचा प्रश्न येतो? चांगल्या औषधानेही गुण न येणं हा तुमचा अपराध नाही. पाटल्या मोडायच्या ठरल्या तर यजमान, भाचा, तुम्ही असे एकत्र बसून, पाचातल्या एकाचा हिशेब समोर ठेवून ठरवा. म्हणजे पुढे बोलणं एकट्या तुमच्या वाट्याला येणार नाही.

केंद्र निवडताना भाच्याला दोन प्रश्न विचारायला सांगा: दाब किती देता आणि देखरेखीला डॉक्टर कोण? उत्तर दोन ते अडीच वातावरण असं आलं पाहिजे. हल्ली कापडी फुगवायच्या पिशव्या निघाल्या आहेत. सौंदर्य, ताजेपणा, थकवा यांच्या नावाखाली त्यात झोपवतात. त्यात दाब जेमतेम 1.3. चाचण्या झाल्या त्या उपचाराशी त्याचा संबंध नाही. कानासाठी त्यात पैसे घालू नका.

आत काय होतं तेही सांगते, कारण भीती बरीचशी अज्ञाताची असते. कुठे एकट्याला पारदर्शक नळीत झोपवतात, कुठे चार-सहा जण खोलीत बसून मास्क लावतात. दाब वाढू लागला की फुसफुस आवाज येतो, हवा कोमट होते आणि कान दडतात, घाट उतरताना दडतात तसे. तेव्हा आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, किंवा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखायला लागलं तर सहन करत बसू नका, हाताने खूण करा. दाब थांबवता येतो. कानाच्या पडद्याला इजा हा तिथला सगळ्यात नेहमीचा त्रास आहे आणि आपण तर कान वाचवायलाच गेलेलो. भरपूर ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही घातक, म्हणून सुती कपडेच चालतात. नायलॉनची साडी, मोबाईल, डोक्याला तेल, क्रीम, अत्तर काही नको. मंगळसूत्र आणि बांगड्याही काढायला सांगतात. बऱ्याच जणी त्या क्षणी गांगरतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. घरून निघतानाच काढून ठेवा. मधुमेह्यांची साखर आत असताना उतरू शकते, तेव्हा खाऊन जा आणि आत जाण्याआधी तपासून घ्या. काहींना थोडे आठवडे लांबचं अंधुक दिसतं, ते नंतर सुधारतं. ऑक्सिजनमुळे फिट येणं फार विरळ, पण म्हणूनच डॉक्टर हजर हवा.

आणि छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय आत जाऊ नका. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर हा उपचार देताच येत नाही. दमा, जुना क्षय, मागाच्या सुताच्या धुळीने धरलेली छाती, यातलं काहीही असेल तर आधी बोला. आपल्या पूर्व भागात अशा छाती घरटी एक सापडेल.

एमआरआय डॉक्टरांनी सांगितला असेल तर टाळू नका. मोजक्या लोकांत ऐकण्याच्या नसेवर साधी, न पसरणारी गाठ निघते. कान पूर्ण सुधारला तरी ती तपासणी करावी लागते. एमआरआयची तारीख लांबची मिळाली म्हणून स्टेरॉईड मात्र थांबवायचं नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी मागांबद्दल बोलते. तुमचा कान मागांच्या खडखडाटाने असा एका रात्रीत गेलेला नाही. आवाजाचा बहिरेपणा वर्षानुवर्षं, दोन्ही कानांत सारखा चढत जातो. पण आता डावा कान हीच तुमची पुंजी आहे आणि यजमानांचे दोन्ही कान रोज त्या खडखडाटात आहेत. कारखान्यात आठ तासांसाठी कायद्याची मर्यादा 90 डेसिबल आहे. माग चालू असताना आवाज सहज तिच्यावर जातो. कानात कापसाचा बोळा घातल्याने जवळजवळ काही अडत नाही. फोमचे इअरप्लग किंवा हेडफोनसारखे इअरमफ आणा, दोघांसाठी. यजमानांचाही ऑडिओग्राम याच फेरीत काढून घ्या. टीव्हीचा आवाज घरात कोण वाढवतं, ते एकदा आठवून बघा.

कान पुरता आला नाही तर काय, याचंही उत्तर आहे. उजवीकडचा आवाज डाव्या कानाकडे पाठवणारी श्रवणयंत्रं मिळतात, गरजेनुसार इम्प्लांटही होतं. पण ते महिन्या-दोन महिन्यांनंतरचं. तोवर रस्ता ओलांडताना मान वळवून बघा. एका कानाने रिक्षा कुठून आली ते कळत नाही, सात रस्ता चौकात तर नाहीच. शिलाईला येणाऱ्या बायकांना डाव्या बाजूला बसवा आणि सांगून टाका की उजव्या कानाने ऐकू येत नाही. लपवलंत तर त्यांना वाटेल, बाई शिष्ट झाल्या.

फोननंतर त्या संध्याकाळी तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, असा तुमचा निरोप मिळाला. पहिलं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. आठवड्याचा ऑडिओग्राम झाला की जुना आणि नवा, दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो पाठवा. साखरेची वहीही पाठवा. मी वाट बघते आहे.